मागची सीट

दिवा जरा इकडे सरकवा, तुमचं तोंड दिसू दे. ही गोष्ट सांगताना समोरच्याचं तोंड दिसलं की मला बरं वाटतं. आणि आधीच सांगून ठेवते, काळजी करू नका, आम्ही दोघी बहिणी यात मरत नाही.

त्या रविवारी आम्ही दर महिन्यासारख्या समुद्रपक्षी मोजायला निघालो होतो. किनाऱ्यापासून दीड किलोमीटर आत एक खडकाळ बेट आहे. सगळा परिसर संरक्षित. मासेमारी नाही, मोटार नाही, एक शिंपलाही उचलायचा नाही. ओहोटीला मधली वाळूची पट्टी उघडी पडते आणि चार-पाच तास बेटापर्यंत सायकलने जाता येतं. भरती आली की पट्टी गायब. म्हणून फाटकावर प्रत्येकाला नंबर घातलेला लाकडी बिल्ला मिळतो. तो गळ्यात घालायचा आणि परत आल्यावर चौकीतल्या फळ्यावर ज्याच्या त्याच्या खिळ्याला अडकवायचा. बाहेर गेलेला शेवटचा बिल्ला परत आल्याशिवाय फाटकवाले दादा घरी जात नाहीत.

आमची जोडसायकल आहे. सीट दोन, हॅन्डल दोन, पण पायडलं साखळीने एकमेकांना बांधलेली, एकीचे पाय फिरले की दुसरीचेही फिरणार. पुढे मी, मागे ताई. ताईची नजर चार वर्षांत विझत आली. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. पण कान असे, की नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखून मोजते. डोळे माझे, कान तिचे आणि पाय दोघींचे, अशी आमची वाटणी. आणि एक शिस्त कायमची : पुढचीने मागे वळून बघायचं नाही. तोल जातो. पायडलला जोर जाणवला की मागे माणूस आहे असं समजायचं.

सकाळी मी चाकात हवा भरत होते, तेव्हा ताई म्हणाली, “ढमे, आज शेवटचं हं. पुढच्या महिन्यापासून तू एकटी जात जा.”

साठीला टेकलेल्या बाईला कोणी ढमी म्हणतं का? पण ताईच्या तोंडी ते गोड लागतं. “का गं? कंटाळलीस?”

“कंटाळतेस तू. बोलत नाहीस एवढंच. माझं ओझं किती दिवस ओढशील?”

आई गेल्यावर हिनेच मला सायकल शिकवली होती, सीट धरून मागे धावत. मी पंप एवढ्या जोरात मारला की चाक फुटायचंच बाकी राहिलं.

“आलं का डबल इंजिन?” फाटकावर दादा हसले. त्यांनी आमच्या गळ्यात बिल्ले घातले. “दोनच्या आत परत या. धुकं पडेलसं दिसतंय. आणि अंड्यांच्या टापूत खाली उतरून चाला.”

बेटाच्या अलीकडे पक्षी उघड्या वाळूवरच अंडी घालतात आणि ती वाळूच्याच रंगाची असतात, म्हणून तेवढं अंतर सायकल हाताने न्यायची असा नियम आहे.

काय सुंदर सकाळ होती! कडक ओली वाळू, पाठीवर वारा, दोन्हीकडे लखलखतं पाणी. ताई मागून गात होती, तीही बेसूर. बेटावर सायकल ठेवून आम्ही पायवाटेने वर चढलो, तिचा हात माझ्या खांद्यावर. माथ्यावर ती एकदम थांबली. “ऐक! पिल्लं आहेत. नुकती अंड्यातून निघालेली.” मला काही ऐकू येईना. ती मात्र खडकावर मांडी ठोकून बसली आणि लहान मुलीसारखी हसत राहिली. तिला उठवायचं माझ्या जिवावर आलं. आज शेवटचं म्हणाली होती ना! दोन वाजून गेले तरी आम्ही तिथेच होतो.

उतरून सायकलपाशी आलो तोवर धुकं भरलं होतं. माझाच पसरलेला हात मला दिसेना. अंड्यांच्या टापूत मी सायकल ढकलत निघाले, ताई मागचं कॅरिअर धरून चालत होती. टापू संपल्याचा खांब हाताला लागला. मी सीटवर बसले.

“बसलीस का गं?”

“हं...”

सीटची स्प्रिंग करकरली. मी पायडल मारलं, मागूनही जोर आला आणि आम्ही सुटलो.

धुक्यात आवाज जवळ येतात. दोन्हीकडून पाणी चढल्याचं ऐकू येत होतं, वाळू शोषत शोषत येणारं. कुजक्या दोरखंडाचा वास आला.

“डावीकडे...” मागून हलकेच आवाज आला.

मी डावीकडे वळवलं. उजव्या बाजूला, चार हातांवर, पाणी फुटल्याचं ऐकलं. वाचलो होतो.

“सरळ... आता सरळ...”

“बघ!” मी ओरडले. “तू नसतीस तर मी बुडालेच असते. म्हणे ओझं!”

ताई एवढा वेळ गप्प? ती झोपेतसुद्धा टोमणे मारते. आणि मग माझ्या लक्षात आलं की मागून येणारा जोर फार होता. ताईचे गुडघे दुखतात, दर दोन-तीन मिनिटांनी ती पाय सैल सोडते. हे पाय थकतच नव्हते.

“ताई... पाणी पिणार का?”

मानेवर गार श्वास आला. “थांबू नकोस...”

मी थांबले नाही. वळूनही पाहिलं नाही. फाटकाची घंटा ऐकू आली, चाकाखाली दगड लागले, तेव्हा कुठे उतरले आणि मागे पाहिलं.

सीट रिकामी होती. तिच्यावरून पाणी ठिबकत होतं.

मी काय किंचाळले ते मला आठवत नाही. पाण्यात धावले, गुडघ्यापर्यंत गेले, दादांनी दंड धरून मागे ओढलं. टापूपाशी मी ताईला सोडून आले होते, आंधळ्या बहिणीला, वाढत्या पाण्यात. दादा घंटा बडवत राहिले. मी नुसती “ताई, ताई” करत राहिले.

तेवढ्यात धुक्यातून हसण्याचा आवाज आला.

“अगं, किती घट्ट धरतेस! हाड मोडशील माझं. आणि सायकल कुठे टाकलीस?”

ताई पाण्यातून चालत येत होती. एकटी. उजवा हात पुढे केलेला, बोटं कशावर तरी मिटलेली, जशी मुलं मोठ्या माणसाचा हात धरतात.

“ताई,” मी म्हणाले, “मी इथे आहे.”

ती माझ्या आवाजाकडे वळली. मग आपल्या हाताकडे. “मग हा...?” तिची बोटं आपोआप उघडली आणि हात हळूच खाली आला, कोणीतरी सोडल्यासारखा.

मी तिला अशी मिठी मारली की तिचा चष्मा वाकला. दोघी रडत होतो आणि हसतही होतो.

दादांनी आम्हाला चौकीत बसवलं. मग म्हणाले, “माझ्या आधी इथे एक बाई होत्या. अशाच धुक्यात सगळ्यांना आणलं त्यांनी. एक पोरगी राहिली होती, तिला शोधायला परत गेल्या. दोघी आल्या नाहीत. त्यांचे दोन खिळे तेव्हापासून रिकामे आहेत.”

आम्ही उठून आपले बिल्ले फळ्यावर अडकवले. दादा मागून आले आणि जागीच थिजले. फळ्यावर एकही खिळा रिकामा नव्हता. खालच्या दोन बिल्ल्यांचं लाकूड फुगलेलं होतं आणि त्यांवरून पाणी गळत होतं.

दादांनी टोपी काढली. डोळे पुसले. मग फाटक लावलं आणि घरी गेले.

वाटलं, संपलं. सुटल्या बिचाऱ्या.

घरापुढचा चढ तुम्ही पाहिलातच, येताना धापा टाकत होतात. त्या संध्याकाळी सायकलवरून परतताना तिथे ताई मागच्या सीटवरून म्हणाली, “ढमे, पुढच्या महिन्यात जरा लवकर निघू. पिल्लं उडायला लागलेली असतील.”

मला असा आनंद झाला म्हणून सांगू! “आणि ओझं?”

“कसलं ओझं? चढावर बघ किती जोर लावतेय मी.”

“काही नाही, मीच लावतेय. पाय उचल, बघू.”

तिने पाय उचलले. मीही गंमत म्हणून उचलले. चढ होता, वारा समोरून होता, आणि पायडलं आपली फिरतच होती, सावकाश, न थकता.

मी मान वळवणार, एवढ्यात ताईचा गरम हात माझ्या पाठीवर आला.

“मागे बघू नकोस,” ती हलकेच म्हणाली. तिच्या आवाजात हसू होतं. “तोल जाईल... आपण चौघी आहोत.”