खिडकीपुढचा पिवळा पट्टा

जिन्यावर आधी काठी वाजली, मग बूट, मग बराच वेळ काहीच नाही.

"वहिनी, कुणीतरी येतंय," भाऊजी म्हणाले. "नाहीतर जातंय. नक्की सांगता येत नाही."

वहिनी म्हणजे भाऊजींच्या थोरल्या भावाची बायको. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावरही लोकांची उत्तरं तपासायची सवय सुटेना, म्हणून त्यांनी खाजगी तपासाचं काम सुरू केलं. भाऊजी बँकेतून निवृत्त झालेले. पिशवी धरायची आणि चुकीचे अंदाज करायचे, ही त्यांची कामं, आणि दोन्ही ते मनापासून करत.

दारात सरकारी शिपायाच्या गणवेशातला साठीचा माणूस उभा होता. उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. पलटणीत बिगूल वाजवायचा म्हणून सगळे त्याला बिगूलकाका म्हणत.

"बसा ना," वहिनी म्हणाल्या.

"नको, बाई. खुर्ची खराब होईल."

तो काठी टेकवायला वळला तेव्हा विजारीच्या मागच्या बाजूला काळा, तेलकट पट्टा दिसला.

"गणवेश एकच आहे?"

"दुसरा तीन वर्षांपूर्वी मंजूर झालाय," बिगूलकाका म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं ते असं. काल आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस. चारशे बारा माजी सैनिकांचे कृत्रिम पाय आणि औषधं यांच्या अनुदानाची फाईल पाचच्या आत मंत्रालयासमोरच्या कोषागारात पोचली नाही, तर सगळे पैसे लॅप्स होऊन सरकारी तिजोरीत परत जाणार होते. आठ महिने ती फाईल मंत्र्यांच्या टेबलावर पडून होती. साडेचारला सही झाली.

"तीन धडधाकट शिपाई बाकावर बसलेले होते. सचिवसाहेबांनी मलाच हाक मारली. चौथा मजला, आणि लिफ्टवर दुरुस्तीची पाटी. तरी पाचला दहा मिनिटं कमी असताना मी फाईल खिडकीत दिली. कोषाधिकारी म्हणाले, पोच उद्या घेऊन जा. आज सकाळी फोनवर तेच म्हणतात, मी पावणेसहाला आलो! पैसे लॅप्स, आणि दोष माझ्या पायाचा."

"पण खरंच, या पायाने चार मजले उतरून रस्ता ओलांडायचा, तो वीस मिनिटांत? कसं जमलं?" भाऊजींनी विचारलं.

बिगूलकाकांनी मान खाली घातली. "जमलं."

भाऊजींना वाटलं, संपलं. माणूस खोटं बोलतोय आणि वर लाजतोय.

"चार वाजता मंत्र्यांच्या दालनात चौकशी आहे," बिगूलकाका म्हणाले. "नोकरी गेली तर गेली. पण कचेरीच्या फाटकाशी एक बाक आहे. आमच्या पलटणीतले रोज तिथे बसतात. आज मला बघून पाच जणांनी आठ जणांचा बाक भरून टाकला. तिशीत माझा पाय गेला, बाई, तेव्हाही इतका त्रास झाला नव्हता."

वहिनींनी चष्मा पुसला. त्या चिडल्या की चष्मा पुसतात. "भाऊजी, पिशवी घ्या."

चौकात दोन मोर्चे समोरासमोर उभे होते. सरकारी पक्षाच्या कापडी फलकावर लालभडक अक्षरं होती: सैनिकांचा घास विरोधकांनी अडवला! विरोधकांच्या फलकावर तितकीच लाल: सैनिकांचा घास सरकारने गिळला!

"नऊला बातमी फुटली, आणि साडेदहाला फलक तयार," भाऊजी चडफडले. "हा उरक कचेरीत का दिसत नाही?"

वहिनींनी पिशवीतून पांढरा रुमाल काढला. आधी एका फलकाच्या अक्षरावर घासला, मग दुसऱ्याच्या. रुमाल होता तसाच पांढरा राहिला. तो नीट घडी करून त्यांनी परत ठेवला.

"धूळ बघताय का?"

"धूळसुद्धा नाही," वहिनी म्हणाल्या.

मंत्रालयाची लिफ्ट मजेत चालू होती.

"काल दुरुस्त झाली वाटतं," भाऊजी लिफ्टवाल्याला म्हणाले.

"बिघडली कधी होती? सचिवांनी पाटी लावायला सांगितली, साडेचारला लावली. साडेपाचला काढायला सांगितली, काढली. आपण कशाला डोकं चालवा!"

उतरताना वहिनींनी मुद्दाम जिना धरला. चार मजले भाऊजींचे गुडघे कुरकुरत होते आणि वहिनी कठड्यावरून बोट फिरवत होत्या. खाली आल्यावर त्यांनी बोट दाखवलं. काळंकुट्ट, तेलकट.

"साफसफाईलाही अनुदान लागतं की काय?" भाऊजी वैतागून म्हणाले.

कोषागाराची खिडकी एका अरुंद बोळाच्या टोकाला होती. आर्थिक वर्षाच्या पहिल्या दिवशी ती उघडत नाही, त्यामुळे बोळात शुकशुकाट होता. खिडकीपुढे चार पावलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, जमीन पिवळ्याधमक रंगाने रंगवली होती. पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, "ओला रंग". शेजारी उपड्या डब्यावर एक रंगारी बिल घेऊन बसला होता. त्याच्या नखांत पिवळा होता आणि जुना लालही.

वहिनींनी वाकून रंगाला बोट लावलं. बोट पिवळं झालं.

"कधी लावला?"

"काल पाचची घंटा झाली, खिडकी बंद झाली, तेव्हा सुरू केला. सव्वापाचला पुढच्या खात्यात गेलो. काल सात खात्यांचे उरलेले पैसे संपवून दिले बाई, नाहीतर लॅप्स झाले असते. या रंगाला वाळायला दीड दिवस तरी लागतो. आता बिलावर सही मिळायला किती दिवस, ते देव जाणे."

भाऊजींच्या कपाळाची शीर उडायला लागली. जमिनीच्या रंगाला पैसे वेळेत मंजूर झाले होते!

वहिनी पट्ट्याकडे टक लावून बघत होत्या. पिवळा रंग साईसारखा पसरला होता. कुठे ओरखडा नव्हता.

काचेआडून कोषाधिकारी ओरडले, "खिडकी बंद आहे!"

"कालचा शिपाई किती वाजता आला होता?" वहिनींनीही ओरडून विचारलं.

"पावणेसहाला! काठीने ही काच ठोकत उभा होता. दया आली म्हणून फाईल घेतली."

"बाहेर येता का?"

"आम्ही मागच्या दाराने येतो-जातो. ही बाजू जनतेसाठी आहे."

चारला मंत्र्यांच्या दालनात सगळे जमले. मंत्री, त्यांचे सचिव, सभागृहाच्या समितीतर्फे विरोधी नेते, कोषाधिकारी आणि बिगूलकाका. रंगाऱ्याला वहिनींनी बिलावर सही मिळवून देते असं सांगून आणलं होतं. पहिला अर्धा तास मंत्री म्हणत होते, आठ महिने विरोधकांनी गोंधळ घातला. विरोधी नेते म्हणत होते, आठ महिने मंत्री झोपले होते. सचिव दोघांना चहा देत होते. भाऊजींना वाटलं, उठावं आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटावीत.

"झालं?" वहिनी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या. दोघंही खुर्चीत सरळ बसले. "बिगूलकाका, जरा पाठ करा."

तेलकट पट्टा सगळ्यांना दिसला.

"असाच काळा डाग या इमारतीच्या जिन्याच्या कठड्याचा आहे. घसरत आलात ना?"

बिगूलकाका कानापर्यंत लाल झाले. "पलटणीत दोरावरून उतरायचो, बाई. पण गणवेशात होतो. पोरांसारखं घसरलो हे कसं सांगणार?"

"म्हणजे वेळेत पोचणं शक्य होतं. आता कोषाधिकारी म्हणतात, पावणेसहाला हे खिडकीशी उभे राहून काच ठोकत होते. खिडकीपुढची सगळी जमीन सव्वापाचपर्यंत रंगवून झाली होती. तो रंग आज दुपारपर्यंत ओला आहे, हे माझं बोट बघा. त्यावर ना बुटाचा ठसा, ना काठीचा. काठी उलटी धरा, काका. रबर काळं आहे. पाचनंतर हे तिथे उभे राहिलेच नाहीत. मग फाईल तुमच्याकडे आली कधी?"

कोषाधिकाऱ्यांनी घाम पुसला. "मला वरून फोन आला होता."

सचिवांनी चहाची किटली खाली ठेवली.

"पाटी तुम्ही लावायला सांगितलीत. तीन शिपाई सोडून यांनाच पाठवलंत. एक पाय, चार मजले, बंद लिफ्ट. उशीर होणारच, आणि खापर फोडायला पाय आयता. पैसे वाचले म्हणून मंत्र्यांचा अर्थसंकल्प गोंडस दिसणार. फक्त हा माणूस वेळेत पोचेल, असं कुणाला वाटलं नव्हतं."

"चोर पकडला!" विरोधी नेते गरजले.

"बसा," वहिनी म्हणाल्या. "काल संध्याकाळचा रंग आज दुपारी बोटाला लागत होता. तुम्हा दोघांच्या फलकांवरून मी सकाळी रुमाल फिरवला, तो अजून पांढरा आहे. रंगारीबुवा, फलक कधीचे?"

"चार दिवसांपूर्वीचे. दोन्ही. एकाच डब्यातला लाल," रंगारी म्हणाला. "पैसे दोघांनीही दिले नाहीत."

"पैसे बुडणार हे तुम्हालाही चार दिवस माहीत होतं," वहिनी विरोधी नेत्यांना म्हणाल्या. "सभागृहात एक शब्द बोलला असतात तर बुडाले नसते. पण मग मोर्चा कशावर काढणार होतात?"

कोषाधिकाऱ्यांच्या कपाटातून फाईल आली. ती पाचच्या आत आली होती. नियमाने अनुदान जिवंत होतं. मंत्र्यांना सावरायला दोन श्वास पुरले.

"शेवटी आमच्या सरकारने—"

"आमच्या दबावामुळे—"

आणि दोघांनीही एकदमच रंगाऱ्याकडे पाहिलं.

"आधी जुनं बिल," रंगारी म्हणाला.

बिगूलकाका मात्र कोषाधिकाऱ्यांपुढे जाऊन उभे राहिले. "साहेब, पोच. वेळ घालून."

खाली फाटकाशी बाकावर पाच म्हातारे बसले होते. बिगूलकाकांना बघताच ते सरकले. तिघांची जागा झाली. एकाने ती रुमालाने झटकलीही.

बिगूलकाका बसले नाहीत. त्यांनी पोच पहिल्याच्या हातात दिली. त्याने वाचली, दुसऱ्याला दिली. एकाला चष्म्याशिवाय दिसत नव्हतं; त्याला भाऊजींनी मोठ्याने वाचून दाखवली, "चार वाजून पन्नास मिनिटं."

पाचव्याचं वाचून होईपर्यंत बिगूलकाका काठी टेकून ताठ उभे होते. मग त्यांनी कागद खिशात घातला आणि बसले.