काट्याची आठ घरं

ही गोष्ट घडलेली आहे, ऐकीव नाही. ज्याच्या बाबतीत घडली तो ललित माझा सख्खा मावसभाऊ. तारीखही पक्की आहे. ९ नोव्हेंबर २००५, बुधवार. जागा नाशिकची, सिडकोतल्या त्याच्या घरामागची पत्र्याची शेड.

सुरुवात मात्र आधीच्या रविवारी झाली. सातपूरला.

ललित अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला. घरी स्वतःचं छोटं वर्कशॉप काढायचं तीन वर्षं डोक्यात होतं. लेथ होता, धातू तासायचं मिलिंग मशीन नव्हतं, आणि नवं परवडणारं नव्हतं. कुणीतरी सांगितलं, सातपूरच्या भिकन मिस्त्रींचं जुनं मशीन विकायचं आहे.

दार मिस्त्रींच्या बायकोनं, भागीबाईंनी उघडलं. मशीन पुढच्या खोलीतच होतं. मागे दाराला पडदा.

ललितनं मशीनच्या सरकत्या टेबलावर डायल लावला. डायल म्हणजे छोट्या घड्याळासारखं मोजायचं साधन. टेबल सरकवायचं आणि काटा बघायचा. टेबल झिजलं असेल तर काटा फिरतो. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग.

टेबल या टोकापासून त्या टोकाला गेलं. काटा हलला... अर्धं घर.

ललितनं पुन्हा बघितलं. वीस वर्षांचं मशीन. कुणीतरी ते हातानं, स्क्रेपरनं कण कण खरवडून असं सरळ राखलं होतं.

"आठ घरं फिरतोय," तो म्हणाला.

जुनं मशीन घेणारा मालाला नावं ठेवतोच. त्याशिवाय भाव उतरत नाही. ललितही तेच करत होता. पण तो तिथे थांबला नाही.

"टेबल खाऊन टाकलंय, मावशी. कुणी वापरलं हे? हाताला वळणच नव्हतं त्याच्या."

पडद्यामागे खाट करकरली... आणि एकदम थांबली.

"हळू बोला, भाऊ," भागीबाई म्हणाल्या. "आतच हायेत ते. दोन वर्षं झाली, उजवं अंग गेलंय. ऐकू समदं येतं."

त्या आत गेल्या. कुजबुज झाली. परत आल्या तेव्हा पदराशी चाळा करत होत्या.

"ते विचारतात, खरंच आठ?"

एवढा एक क्षण होता. ललितचा काटा अजून टेबलावरच होता.

"आठ," तो म्हणाला.

भाव उतरला, सौदा तिथंच ठरला.

बुधवारी दुपारी टेम्पोतून मशीन आलं. प्रतिभानं, त्याच्या बायकोनं, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. ललित मशीनभोवती फिरत होता.

"मला बघायला आलास तेव्हा एवढं निरखलं नव्हतंस," ती म्हणाली.

शनिवारी त्यानं पहिला जॉब, लोखंडाचा एक तुकडा, तासायला घेतला. पृष्ठभाग एका बाजूला उतरता आला. त्यानं डायल लावला, टेबल सरकवलं.

काटा फिरला... आठ घरं.

सात नाही, नऊ नाही. आठ.

वाहतुकीत मशीनला पीळ बसला असेल. त्यानं लेव्हल घेतली, खाली पट्ट्या सारल्या, बोल्ट सैल करून पुन्हा आवळले. आठ. डायल खराब असेल म्हणून शेजारच्या वर्कशॉपमधून दुसरा आणला.

आठ.

रविवारी तीन वाजता नेहमीचं लोडशेडिंग सुरू झालं. कोपऱ्यावरची गिरणी थांबली. पंखा थांबला. दोघं स्वयंपाकघरात चहा घेत होते.

शेडमधून आवाज आला... खर्र.

मग शांतता.

खर्र... खर्र...

"शेडमध्ये कुणाला बसवलंयस?" प्रतिभानं विचारलं.

आवाज ललितच्या ओळखीचा होता. स्क्रेपरचा. एक हात मारायचा, पुसायचं, वाकून बघायचं. मग पुढचा हात.

शेडला बाहेरून कुलूप होतं. त्यानं उघडलं.

कुणी नव्हतं. टेबलावर मात्र करडी पूड होती. पावडरसारखी बारीक. त्यानं लोहचुंबक जवळ नेलं... पूड उडून चिकटली. लोखंडच.

ललित असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारा नाही. सोमवारी त्यानं टेबल लख्ख पुसलं, कुलूप लावलं, दारावर कागदाची पट्टी चिकटवली आणि किल्ली खिशात ठेवली. तीन वाजता वीज गेली. तो दाराला कान लावून उभा राहिला.

खर्र...

आपल्या कानापासून चार फुटांवर कुणीतरी दम खातंय, असं त्याला स्पष्ट वाटलं.

पट्टी अभंग होती. दार उघडलं तर टेबलावर तीच पूड.

आणि काटा आठवरच.

मंगळवारीही तेच. बुधवारी ललित सातपूरला गेला. मिस्त्रींच्या खाटेशी बसायचं आणि सांगायचं, टेबल सरळ होतं, मी खोटं बोललो. वाक्य त्यानं पाठ केलं होतं.

पडदा बाजूला सारलेला होता. खाट उभी करून ठेवली होती.

"तुमचा टेम्पो गल्लीबाहेर गेला आन् दोन तासांत गेले," भागीबाई म्हणाल्या. "रविवारपासून उजवा हात हलत व्हता, भाऊ. दोन वर्षं न हललेला हात. चादर घासायचे. जरा घासायचं, थांबायचं, बघायचं. मी म्हनलं, काय करता? तर म्हने, आठ कसं राहिलं?"

ललितनं तोंड उघडलं. तेवढ्यात मिस्त्रींचा भाऊ सहादू चार माणसं घेऊन आत आला.

"परवा दहावा हाय, रामकुंडावर," भागीबाई म्हणाल्या. "या. त्यांचं मशीन तुमच्याकडं हाय."

शुक्रवारी पिंड मांडला. भिंतीवर दहा-बारा कावळे होते. एकही खाली उतरेना.

"दादा, वहिनीला मी बघीन," सहादू हात जोडून म्हणाला.

कावळे जागचे हलले नाहीत.

अर्धा तास झाला. भटजी घड्याळ बघू लागले.

"भाऊ, तुम्ही सांगा," भागीबाई ललितला म्हणाल्या. "मशीनमदी जीव व्हता त्यांचा."

तो पुढे झाला. मागे पंधरा-वीस माणसं. त्यांत त्याच्याच कारखान्यातले दोन टर्नर, मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेले.

"मशीन नीट ठेवीन, मिस्त्री," तो मोठ्यानं म्हणाला.

काही झालं नाही.

उरलेलं, ते पाठ केलेलं वाक्य, तो नुसत्या ओठांनी बोलला. आवाज न काढता.

भिंतीवरून एक कावळा उतरला... पिंडापासून हातभर अंतरावर बसला. पिंडाकडे त्यानं बघितलंच नाही. मान तिरकी करून तो ललितकडे बघत राहिला. नीट ऐकू न आल्यासारखा.

ललितचे ओठ मिटलेलेच राहिले.

कावळा उडून गेला.

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. पायऱ्या चढताना भागीबाईंनी विचारलं, "भाऊ, ओठ हलत व्हते तुमचे. काय म्हनत व्हता?"

"काही नाही, मावशी."

मला त्यानं हे तीन वर्षांनी सांगितलं. भागीबाई सातपूरलाच असतात, त्याच्या घरापासून स्कूटरवर पंधरा मिनिटांवर. त्यांना त्यानं अजून सांगितलेलं नाही.