दुसऱ्या फेरीतला श्वास

…आणि तो श्वास माझा नव्हता.

हे वाक्य माझ्या मामेबहिणीचं. ही हकीकत सांगायला बसली की ती नेहमी इथूनच सुरू करते, शेवटाकडून. मी दर वेळी म्हणते, अगं, नीट पहिल्यापासून सांग. मग ती पहिल्यापासून सांगते.

घडलं ते खरं आहे. पटवून द्यायच्या भानगडीत मी पडणार नाही. ज्या हॉटेलच्या तळमजल्यावर हे झालं तो हॉल अजून चालू आहे. शनिवारी संध्याकाळी तिथे अजून गाणी होतात. स्टेजच्या डाव्या बाजूची ती खुर्ची मी स्वतः पाहिली आहे.

बसले मात्र नाही.

घरात तिला सगळे बारकी म्हणतात. मोठी ती ताई. दोघी गिटार वाजवतात. ताई पुढचं वाजवते, म्हणजे लोक ज्याला टाळ्या देतात ते. बारकी मागचं. कॉर्ड, ठेका, भरणा. गाणं पुढच्या भागात न्यायचं असलं की ताई हनुवटी किंचित वर उचलायची. बस, एवढीच खूण. ऐकणाऱ्यांना ती दिसायचीही नाही. बारकीला डोळे मिटूनसुद्धा कळायची, असं ती म्हणते.

बारकीची एक सवय. कॉर्ड धरायच्या आधी ती नाकाने श्वास ओढते. सुर्र. लहानपणी बारा महिने सर्दी, तेव्हापासूनची. ताई म्हणायची, तुझं नाक आहे म्हणून माझा ठेका शाबूत आहे.

मग एका गुरुवारी बारकीचं बोट गाडीच्या दारात चेमटलं.

शनिवारचा कार्यक्रम तोंडावर. ताईने आपल्याकडे गिटार शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून लूप पेडल मागून आणलं. पायाने दाबायची लोखंडी डबी. आत आवाज भरून ठेवायचा, पाय मारला की तो गोल गोल वाजत राहतो. पुन्हा पाय मारला की गाण्याचा पुढचा भाग. ताईला डबी चालवता येत होती, भरता येत नव्हती. ते काम बारकीचं. रियाजाच्या वेळी दोघींची गिटार वेगवेगळी रेकॉर्ड करून ठेवायची तिला खोड होती. त्यातून तिने स्वतःचं वाजवलेलं वेगळं काढलं आणि एका हाताने कापायला बसली.

हे काम नाजूक. ठोका पडतो तिथेच कात्री लागली पाहिजे. शिवाय पहिली फेरी कापून चालत नाही, तिची सुरुवात कोरडी येते, प्रत्येक वळणावर टाचेत खडा टोचल्यासारखी. म्हणून तेच दोनदा वाजवलेलं घ्यायचं आणि दुसरी फेरी कापायची. मग पहिल्या फेरीतल्या शेवटच्या सुराची शेपूट दुसरीच्या तोंडाशी येते, आणि सांधा कुणाला कळत नाही.

बारकीने सांधे असे जुळवले की तिलाच सापडेनात. मधले श्वास एकेक करून पुसले. मशीनला कशाला हवं नाक? पेडल केबलने कॉम्प्युटरला जोडलं, फाइली आत सरकवल्या, आणि ताईला म्हणाली, जा, आजच्या दिवस मला यात घेऊन जा. आजच्या दिवस, असं ती म्हणाली होती. पण त्या रात्री ताई परत आली ती…

…नाचतच आली. काय सांगू बारके, म्हणाली, एकदाही घाई नाही, एकदाही चूक नाही. ही बारकी रुसत नाही, उशीर करत नाही, दारात बोटं घालत नाही. आई हसली. बारकीही हसली.

बोट बरं झालं.

खुर्ची परत मिळाली नाही.

ताई वाईट नाही हो. तिने कधी नको म्हटलं नाही. फक्त दर आठवड्याला एक नवीन गाणं यायचं. बारके, एवढी फाइल करून दे ना, तुझ्यासारखं कापायला कुणाला जमतंय? आणि डावीकडच्या त्या खुर्चीवर आता ताईची पाण्याची बाटली बसायची.

बारकी दर आठवड्याला स्वतःच्या हाताने वाजवायची, कापायची, डबीत भरायची आणि घरी राहायची. जळायचं तरी कुणावर? हात तिचेच, कॉर्ड तिचेच. सवत असती तर निदान झिंज्या उपटता आल्या असत्या.

आणि मग…

एका दुपारी फाइल भरून झाल्यावर तिने तपासायला म्हणून पेडल लावलं. फेरी सुरू झाली. आणि तोंडाशी, अगदी पहिल्या कॉर्डच्या आधी…

सुर्र.

पुसायचा राहिला असेल. तिने कॉम्प्युटरवर फाइल उघडली, हेडफोन लावून ऐकली.

श्वास नव्हता.

पुन्हा पेडलवर लावली. होता.

तिने ती फाइल काढून टाकली, नव्याने भरली. श्वास होताच. पण तिला बोचलं ते वेगळंच. त्या श्वासानंतरचा कॉर्ड फार सुंदर लागला होता. सैल, भरलेला, घाई नसलेला. तिला स्वतःला तो तसा कधीच लागला नव्हता.

ताईला तिने सांगितलं नाही. काय सांगणार होती? की माझ्यापेक्षा मी बरी वाजवतेय?

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ. बारकी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आली. खोलीचं दार लोटलेलं. आतून गिटारी ऐकू येत होत्या. दोन. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून खोलीकडे तोंड करून विचारत होती, दोघींना चहा टाकू का गं?

"आई, मी इथे आहे."

आई वळली. बारकीकडे बघितलं. दाराकडे बघितलं.

"मग ती एवढं कुणाशी बोलतेय?"

आत ताई हसत होती. हळू आवाजात कुणाला तरी सांगत होती, तिथे नको घेऊस, थांब जरा… हां… शाबास.

बारकीने दार ढकललं. ताई पलंगावर एकटी. समोर पेडल, त्याचा लाल दिवा. पेडलशी बोलतेस होय, असं बारकीने विचारलं, तर ताई म्हणाली, सवय गं, कुणी सोबत असलं की तोंड चालतंच.

कुणी सोबत असलं की.

"शाबास" हा शब्द ताईने बारकीला आयुष्यात कधी दिला नव्हता. त्या दुपारी बारकीच्या मनात जे आलं ते…

…ते तिने शनिवारच्या आदल्या दिवशी केलं.

त्या शनिवारी हॉल गच्च भरणार होता. मॅनेजरने बाहेरची मोठी मंडळी बोलावली होती. जमलं तर ताईला वर्षभराचं काम. ताईने एकच गाणं जीव तोडून बसवलं होतं, सगळं त्या फेरीवर उभं.

बारकीने ती फाइल एमपीथ्री केली. मग त्या एमपीथ्रीची पुन्हा साधी फाइल केली आणि पेडलमध्ये भरली. दिसायला तीच, नावही तेच. पण एमपीथ्री करताना आवाजाच्या तोंडाशी शांततेची एक बारीकशी चीर बसते. पापणी लवेल एवढी. गाणं ऐकताना कुणाला कळणार नाही. पण गोल फिरणाऱ्या फेरीत ती चीर दर वळणाला येते, दर वळणाला ठेका तेवढाच मागे ढकलते, आणि थोड्या वेळाने वाजवणारा तोंडावर पडतो. हे काम करणाऱ्यांची पहिल्या दिवसाची चूक असते ती.

बारकीने ती जाणूनबुजून केली.

तिला ताईला पाडायचं नव्हतं. पेडलला पाडायचं होतं. ताईने मागे वळून म्हणावं, बारके, तूच हवी होतीस. एवढंच.

आणि ते बघायला ती स्वतः हॉलमध्ये गेली. मागच्या भिंतीला टेकून, साउंडवाल्याच्या टेबलाशेजारी उभी राहिली.

ताईने पाय मारला. फेरी सुरू झाली. पहिलं वळण आलं. चीर आली…

सुर्र.

ठेका हलला नाही.

दुसरं वळण. सुर्र. पुन्हा ठेका जागच्या जागी. बारकीने केलेल्या त्या चिरेत तो श्वास असा बसला होता, जशी खाचेत पाचर बसते. जणू त्याच्यासाठीच जागा करून दिली होती.

साउंडवाल्याने कान टवकारले. ताईंना सर्दी झालीय का, म्हणाला. मग स्वतःशीच पुटपुटला, पण माईक तर मी लावलेलाच नाही.

बारकी ताईचे पाय बघत होती. ताईने चपला काढून पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते, घोट्यावर घोटा. घरी तंद्री लागली की बसते तसे. पेडल पुढे होतं, हातभर लांब.

गाण्याचा पुढचा भाग आता येणार होता. पेडलवर पाय मारल्याशिवाय तो येऊच शकत नव्हता. फेरी म्हणजे फेरी. ती कुणाचं ऐकत नाही, कुणाकडे बघत नाही.

ताई डावीकडे वळली. रिकाम्या खुर्चीकडे. आज तिच्यावर बाटली नव्हती.

ताई हसली.

आणि हनुवटी किंचित वर उचलली.

सुर्र…

गाणं पुढच्या भागात गेलं.

हॉल टाळ्यांनी दणाणला. बारकी म्हणते, भीती मला नंतर वाटली. आधी जे वाटलं ते सांगायची लाज वाटते. ती खूण माझी होती. माझ्या ताईची हनुवटी माझ्यासाठी वर व्हायची. मला वाटलं, कोण गं तू? ऊठ तिथून.

ताईला वर्षभराचं काम मिळालं. घरी येताना ताईने गाडीत बारकीचा हात हातात घेतला. डोळ्यांत पाणी. म्हणाली…

"आज पहिल्यांदा तुझी उणीव भासली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बारकीने पेडल कॉम्प्युटरला जोडलं. ती फाइल बाहेर काढून उघडली. चीर होती. चिरेत काही नव्हतं. तिने एकूण एक फाइली पुसल्या, डबी कोरी केली, विद्यार्थ्याच्या घरी नेऊन दिली. मग ताईसमोर उभी राहिली आणि सगळं सांगून टाकलं. चीरसुद्धा. वाटलं होतं, ताई आता घर डोक्यावर घेईल.

ताई एवढंच म्हणाली, बरं. मग ये तू. तुझीच जागा आहे.

हवं ते मिळालं. पुढच्या शनिवारी बारकी त्या खुर्चीवर बसली. बोटं नीट, ताल पाठ, शेजारी ताई. पेडल नाही, केबल नाही, काही नाही. ताईने हनुवटी उचलली.

पण बारकीकडे बघून नाही.

तिच्या डाव्या खांद्यावरून, जरा पलीकडे. जिथे आता फक्त पडदा होता. बारकीने खूण पकडली, पुढचा भाग धरला. घरी जाताना ताई अगदी मायेने बोलली. छान झालं, म्हणाली. फक्त दर वळणाला तू जराशी मागे पडतेस गं. पापणी लवेल एवढीच.

बारकीने स्वतःचा रियाज रेकॉर्ड करून बघितला. ताईचं खरं होतं. दर वळणाला तेवढीच चीर. फाइलमध्ये तिने जी घातली होती ना, तीच. हातात आली होती.

आणि त्या चिरेत…

तिने गिटार बदलली. खोली बदलली. तोंडाने श्वास घेऊन वाजवलं. शेवटी एकदा कपड्यांचा चिमटा नाकाला लावून वाजवलं. ते रेकॉर्डिंग तिने मला ऐकवलं. चिमट्याचं ऐकून मी आधी हसले होते. हेडफोन लावल्यावर हसू गेलं. श्वास तर आहेच. पण त्याच्यामागून, बारकीच्या कॉर्डच्या अगदी जरासा आधी, एक कॉर्ड लागतो. बारीक. सैल. घाई नसलेला.

खोटं कशाला बोलू? तो जास्त चांगला आहे.

हे मी बारकीला बोलले नाही. तिने माझ्या चेहऱ्यावर वाचलं असावं. हेडफोन माझ्या कानांवरून काढून घेतले.

दोघी अजून शनिवारी वाजवतात. ताई अजून पलीकडे बघून खूण करते. लोक म्हणतात, दोघीच असतात पण केवढं भरलेलं वाटतं. बारकी खुर्ची सोडत नाही. तापात सुद्धा जाते. एकदा मी म्हटलं, एवढी भीती वाटते तर एखादा शनिवार घरी राहा ना. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्याकडून काही हिसकावून घेतेय.

मी निघायला उठले, तर मांडीवरच्या गिटारवर बारकीने धरलेला कॉर्ड अजून तिच्या बोटांखाली वाजत होता. विरत आलेली शेपूट. ती तिने पूर्ण विरू दिली. मग म्हणाली, कुणाला सांगशील तर एवढं नक्की सांग, की मी चिमट्याने नाक दाबून धरलं होतं, तोंड मिटलं होतं, छाती हलू दिली नव्हती…