सोनजाईगडाचा मिटलेला दरवाजा

पूर्वेला फटफटले तेव्हा सोनजाईगडाच्या तटाखाली खाडी काळीशार पसरली होती आणि महाद्वारावर हवालदार सुभानजी खैरे हातातली चिठ्ठी तिसऱ्यांदा वाचत होता. या गडाला राजा नव्हता. बारा गावांनी सुपाऱ्या टाकून निवडलेला सरनाईक येथे कारभार पाही, आणि सभेच्या दिवशी बाराही गावांचे पंच आत येऊन बसेपर्यंत महाद्वार मिटायचे नाही, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक होता. सरनाईक अंबाजी दळव्यांनी टोपीकरांना बंदरात वखार नाकारली, तेव्हापासून टोपीकरांचा एक हेर वैद्याच्या वेशात गावोगाव विष कालवीत हिंडत होता.

घाटात सापडलेल्या त्या चिठ्ठीवर टोपीकरांचीच मोहर होती. 'बाराव्या गावच्या पंचांच्या वेशात आमचे शिपाई येतील.'

सुभानजीने मुजरा करून ती सरनाइकांपुढे ठेवली. "आज्ञा व्हावी. अकरा गावे आली. दार लावतो."

"खैरे, एका गावाच्या तोंडावर दार लावले, तर आम्ही बारांचे सरनाईक कसले?"

"आणि त्यांनी आपला गळा कापला तर?"

"दुसरा निवडतील. दार उघडे ठेवा."

सुभानजीचा या माणसावर जीव होता. तिथेच घात झाला. वळणावर पालख्या दिसताच त्याने हुकूम मोडून अडसर घातला, आणि संतापलेले लोक दारावर धडका देऊ लागले तेव्हा तटावरून बार काढविला.

खाली पडले ते बाराव्या गावचे खरेखुरे पंच, सत्तरीचे म्हातारे. एवढे कारस्थान मोहर उमटवून वाटेत टाकतो कोण, हे त्या भाबड्या शिपाईगड्याला सुचलेच नव्हते. "सरनाईक राजा झाला, पंच मारले," ही आवई वैद्याच्या माणसांनी दुपारपर्यंत बारा गावांत पोहोचवली, आणि गावांनी आपल्याच हातांनी आपला गड फोडला. मागोमाग टोपीकरांची पलटण 'रयतेच्या रक्षणार्थ' वर चढली. कधीकाळी गडावरून हुसकलेल्या, परागंदा राजघराण्यातला कुणी एक गादीवर बसला आणि वखारीच्या करारावर त्याने लगोलग शिक्का उठवला.

अंबाजींना सदरेसमोर तोफेच्या तोंडी बांधले, तेव्हा टोपीकरांच्या वकिलाने भरल्या सदरेत सुभानजीच्या खांद्यावर शेला घातला. "चाकरी चोख बजावलीत, हवालदार."

सुभानजीने शेला भिरकावला. "सरनाईक, सोनजाईची आण, मी फितूर नाही. आपल्यासाठीच दार लावले."

अंबाजींनी त्याच्याकडे शांतपणे पाहिले. "चिठ्ठी तुम्हीच आणली होती, खैरे."

बत्ती दिली गेली. सुभानजी वकिलाच्या पाया पडून स्वतःचे मरण मागू लागला, पण टोपीकरांनी त्याला केसाचाही धक्का लावला नाही. त्याला मारले असते, तर तो खरोखर फितूर होता का, अशी गावांना शंका आली असती. पुढे तो अठरा वर्षे जगला, आणि बारा गावांत त्याला पाणी देणारे एकही घर नव्हते.