जुळलेलं पुस्तक

मिरजेच्या त्या वाचनालयात कागदी पुस्तक मागायचं तर आता कारण लिहून द्यावं लागे. 'सवय आहे' हे कारण चालत नसे. सवय तपासायलाच तर जुळवाचक होता. पाटीएवढा पडदा पंधरा दिवस घरी न्यायचा, आपल्या वाचनाला मानवतो का ते बघायचं आणि शेवटी 'जुळतो' किंवा 'जुळत नाही' यांपैकी एकावर अंगठा ठेवायचा.

शंतनूने त्यात पहिलं पुस्तक भरलं ते बायकोचं. सासूबाई गेल्यावर मृणालने ते लिहिलं होतं. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंची अकरा वर्षं, आणि त्यांच्या जिभेच्या धारेखाली काढलेली स्वतःची. कागदावरची प्रत शंतनूने दोन दिवसांत परत दिली होती. "छान लिहिलंयस," एवढंच म्हणाला होता. त्याच्या आईबद्दलच्या त्या सगळ्यानंतर 'छान'! म्हणजे वाचलेलंच नाही.

आणि आता तेराव्या दिवशी तो ओल्या डोळ्यांनी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला.

"मृणाल, मला माहीतच नव्हतं गं."

तिचं लाटणं थांबलं. या वाक्यासाठीच तर तिने लिहिलं होतं.

"काय माहीत नव्हतं?"

"आई तुझ्यावर एवढी माया करायची ते."

दुसऱ्या दिवशी ती जुळवाचक घेऊन वाचनालयात डॉ. तेजल भिसेसमोर बसली. यंत्र घडवणाऱ्यांपैकी ही एक.

"बिघाड नाही काकू. पडद्याखाली नजरमाप आहे. बुबुळ कुठे रेंगाळतं, कुठून निसटतं, ते टिपतं. जिथून निसटतं ती वाक्यं वाचकाच्या लेखी नसतातच. मग यंत्र ती अशी बदलतं की नजर ठरेल. त्याला आम्ही जुळण म्हणतो."

"मला न विचारता?"

"वाचकाला विचारतो ना. काकांची नजर पहिल्याच प्रकरणात चारशे बारा वेळा घसरली. आता तुमचं मूळ नऊ टक्के उरलंय."

"कुठलं?"

तेजलने पडदा पाहिला. जराशी ओशाळली. "स्वयंपाकाचं."

मृणालला हसू आलं, ते तिलाच आवडलं नाही. "मूळ परत आणता येतं?"

"कोपऱ्यातलं बटण दाबा, झालं. पण मग काका वाचणार नाहीत. तुम्हीच ठरवा. तुमचं असलेलं आणि न वाचलेलं, की वाचलेलं आणि तुमचं नसलेलं?"

"तिसरं काही?"

"अजून तरी नाही, काकू."

पंधराव्या दिवशी ठरवूनच ती शंतनूजवळ बसली. बोट बटणाकडे नेलं, तर त्याने तो हातच धरला. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, असा हात त्याने कधी धरला नव्हता.

"हे बघ ना. तुला ताप होता, आई कशीबशी उठून बसली, तुझं डोकं मांडीवर घेऊन तेल चोळत राहिली."

तापात मृणालने सासूबाईंची चादर बदलली होती, आणि सासूबाई 'नाटकी' म्हणाल्या होत्या. बारा ओळी होत्या त्या. सहा वेळा खोडून लिहिलेल्या.

"तू किती सोसलंस," शंतनू म्हणाला. "आईला ते दिसलं. मलाच दिसलं नाही गं. चुकलं माझं."

तिचं बोट अजून पडद्याच्या कडेवरच होतं.

"कुठलं तेल होतं?" त्याने विचारलं. "तेवढं लिहायचं राहिलंय तुझं."

"माक्याचं," मृणाल म्हणाली. मग थोडं थांबून, "कोमट केलेलं."