सुईणबाईंनी दाखवलेली चुकीची घरं

तिने विहिरीच्या कट्ट्यावर बादली टेकवली, हात धुवायला वाकली, आणि तेवढ्यात एका उंटाने त्या बादलीत खुशाल तोंड घातलं.

एरवी तिने आकाशपाताळ एक केलं असतं. पण दोन दिवस कुंभाराच्या सुनेच्या उशाशी बसून ती आत्ता कुठे बाहेर पडली होती. जुळी पोरं, दोन्ही पायाळू. तिघंही सुखरूप होती, पण सुईणबाईंच्या अंगात ओरडण्याइतकं त्राण उरलं नव्हतं. ती नुसती बघत राहिली आणि उंट पीत राहिला. उंटाची दोरी एका माणसाच्या मनगटाला बांधली होती, आणि तो माणूस भिंतीला टेकून उभ्या उभ्या गाढ झोपला होता.

“अहो! तुमचा उंट!”

त्याने डोळे उघडले. काहीतरी म्हणाला, ते तिला कळलं नाही. मग दुसऱ्याच भाषेत काहीतरी. मग तिसऱ्या. चौथ्या खेपेला मात्र स्वच्छ तिच्या भाषेत म्हणाला, “माफ करा. जाग आली की भाषा लवकर सापडत नाही.”

“चारही वेळा माफीच मागत होतात का?”

“पहिल्यांदा उंटाला शिव्या दिल्या.”

तिला हसू फुटलं. दोन दिवसांत पहिल्यांदाच. त्याच्या दाढीवर धूळ होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, आणि तरी तो हसला तेव्हा... जाऊ दे. दमलेल्या माणसाला कुणीही देखणं दिसतं, असं तिने स्वतःला बजावलं.

“तुम्हीच सुईणबाई ना? सराईतल्या बाईने सांगितलं. मला वाटलं, म्हाताऱ्या असाल.”

“सगळ्यांना तसंच वाटतं. सव्वीस वर्षांची आहे. काय काम?”

“आम्ही एक बाळ शोधतोय.”

“कुणाचं?”

“माहीत नाही.”

“कधी जन्मलेलं?”

“याच वर्षात. मुलगा.” तो जरा घुटमळला. “तो राजा होणार आहे.”

“अहो, यंदा या गावात तेवीस बाळं झाली,” ती पदराला हात पुसत म्हणाली, “आणि सगळ्यांच्या आया हेच म्हणतात.”

मग त्याने सगळं सांगितलं. तो दुभाषी. पूर्वेकडचे तीन म्हातारे पंडित, जन्मभर आकाश वाचत बसलेले. त्यांना एक नवा तारा दिसला आणि ते तिघं घरदार सोडून निघाले. वाटेत बोलायला कुणीतरी हवं, म्हणून याला सोबत घेतलं. अकरा महिने चालतायत. आणि आता, अगदी जवळ आल्यावर, आठवडाभर आभाळ भरून आलंय. तारा दिसेना, म्हणून दारोदार विचारायची वेळ आली.

“आधी राजधानीत गेलो होतो. राजवाड्यात,” तो म्हणाला. “थोरले म्हणाले, राजा जन्मला असेल तर आणखी कुठे जन्मणार?”

“आणि तिथल्या राजाला विचारलंत? नवा राजा कुठे जन्मला म्हणून?”

“विचारलं. त्याने फार गोड शब्दांत सांगितलं, बाळ सापडलं की मला कळवा. मलाही नमस्कार करायला यायचंय.”

चाळीस चाळीस वर्षं आभाळ वाचणाऱ्या माणसांना जमिनीवरचं एवढंही कळू नये! पोटच्या पोरांनासुद्धा न सोडणारा तो राजा. गावातलं शेंबडं पोर त्याला ओळखून होतं.

आणि ते बाळ कुठलं, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. सराईत जागा नव्हती म्हणून गोठ्यात बाळंत झालेली ती परगावची पोरसवदा बाई. गव्हाणीत ठेवलेला तो मुलगा. उजाडता उजाडता धापा टाकत आलेले मेंढपाळ, सगळे एकदम बोलणारे, आभाळात उजेड पाहिला म्हणणारे. नाळ तिने स्वतः कापली होती. त्या बाईचा सुतार नवरा बिऱ्हाड घेऊन आता सुईणबाईंच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत राहत होता.

“चला,” ती म्हणाली, “दाखवते बाळं.”

आणि ती त्याला नेमकी उलट्या दिशेला घेऊन गेली.

*

आधी धोबिणीचं घर. बाळाने पाहुण्यांकडे पाहिलं आणि असा टाहो फोडला की गल्लीतले कुत्रे भुंकू लागले. मग भट्टीवालीचं घर. तिच्या मुलाने दुभाष्याची दाढी दोन्ही मुठींत धरली आणि सोडेचना. भट्टीवाली पदर तोंडाशी धरून हसत म्हणाली, “सुईणबाई, बाळं बघायला आणलंत की आम्हाला दाखवायला आणलंत यांना?”

“काहीतरीच काय!” म्हणताना तिचे कान तापले.

दुपारचं काम आटोपलं की ती सराईच्या दारात जाई, आणि तो तिथे वाट बघत उभा असे. भुरभुर पाऊस चालूच होता. एकाच गोणपाटाची खोळ दोघांनी डोक्यावर धरायची म्हणजे जवळून चालणं आलंच. दोघंही इतके थकलेले असत की बरेचदा नुसते चालत. तरी ते न बोलणं तिला हवंहवंसं वाटू लागलं होतं.

तीन म्हातारे सराईच्या कोपऱ्यातल्या खोलीत सुजलेले पाय गरम पाण्यात सोडून बसलेले असत. दुभाषी त्यांना थोरले, मधले आणि धाकटे म्हणे. धाकटे अडुसष्ट वर्षांचे होते. एकदा तिला पाहून थोरले बराच वेळ काहीतरी बोलले, हातवारे करून, मिश्कील डोळ्यांनी.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, मुलगी दमलेली दिसते, तिला बसायला दे.”

“एवढंच? एवढा वेळ बोलले की!”

“उरलेलं...” तो पायाच्या बोटांकडे बघत म्हणाला, “उरलेलं माझ्याबद्दल होतं.”

तिने पुढे विचारलं नाही. घरी येताना मात्र उगीचच दोनदा वाट चुकली, ज्या गावात ती डोळे मिटून चालली असती.

घरात दोरीवर दुपटी आणि लंगोट ओले लोंबत होते. आठवडाभर ती या आभाळाच्या नावाने बोटं मोडत होती. बाळंतिणीकडे न्यायला एक कोरडं फडकं म्हणून नव्हतं. आणि आता रोज सकाळी दार उघडून ती आधी वर बघे, आणि ढग दिसले की तिचा जीव भांड्यात पडे. आभाळ निवळलं की तारा दिसणार. तारा दिसला की बाळ सापडणार. आणि बाळ सापडलं की हा जाणार.

बाळाला वाचवण्यासाठी आपण हे करतोय, असं ती म्हणे. ते खरंच होतं. पण तेवढंच खरं नव्हतं, आणि त्याची तिला लाज वाटत होती.

*

चौथ्या दिवशी, बाराव्या घरातून बाहेर पडल्यावर तो थांबला.

“सुईणबाई, तुम्ही मला चुकीची घरं दाखवताय.”

“मी?”

“गावातल्या प्रत्येक दारात तुम्ही थांबता. कुणाला खोकला विचारता, कुणाला झोप. फक्त त्या सुताराच्या गल्लीतून जाताना मान खाली घालून भरभर चालता. तीनदा पाहिलं मी.”

ती तिथेच एका पायरीवर बसली. पाय खरोखरच चालेनात.

“तुमच्या म्हाताऱ्यांना सांगाल,” ती हळूच म्हणाली, “ते भोळेपणाने राजाला सांगतील. आणि मग त्या बाळाचं...”

तोही तिच्या शेजारी बसला. त्याने गोणपाट दोघांच्या डोक्यावर ओढलं.

“राजा बोलत होता तेव्हा त्याचा आवाज मी ऐकला,” तो म्हणाला. “अंगावर काटा आला. शब्द गोड होते, तेवढे पोचवले. तिघं आजोबा खूश झाले. आवाज कसा होता ते नाही सांगितलं. माझं काम शब्दांचं, म्हटलं, बाकीच्याशी मला काय करायचंय... तेव्हापासून मी नीट झोपलेलो नाही.”

“विहिरीवर तर झोपला होतात.”

“तुम्ही उठवलंत.”

ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. तो तिच्याकडे पाहत होता, ती त्याच्याकडे. म्हणून पाऊस थांबल्याचं दोघांनाही उशिराच कळलं. पश्चिमेला ढग फाटले होते, उन्हं उतरत होती. आणि छपरांच्या वर, अजून अंधारही पडला नव्हता तरी, एक तारा स्वच्छ दिसत होता. सुताराच्या गल्लीवर.

सराईच्या दिशेने तीन म्हाताऱ्यांची आरोळी ऐकू आली. तिचा अर्थ विचारायची गरज नव्हती.

“त्यांना मी आवाजाचंही सांगेन,” तो उठत म्हणाला. “आजच. मला तुमच्यासोबत जायचंय तिथे. याल?”

*

सुताराच्या खोलीत ओल्या लाकडाचा वास होता. भुसा झाडून एका कोपऱ्यात सारलेला, आणि आई बाळाला मांडीवर थोपटत होती. सुताराने आधी सुईणबाईंना पाहिलं होतं आणि मगच दाराची कडी काढली होती.

तिघं म्हातारे आत आले आणि गुडघ्यांवर बसले. सोनं, ऊद, गंधरस पुढे ठेवला. थोरले काही बोललेच नाहीत, दुभाष्याला कामच उरलं नाही. त्यांनी कपाळ जमिनीला टेकवलं आणि लहान मुलासारखे हुंदके देऊन रडू लागले. अकरा महिन्यांचा शीण होता तो. बाळाने जांभई दिली, धाकट्यांकडे पाहिलं आणि त्यांचं बोट धरलं. धाकट्यांना मग उठताच येईना. सुतार आणि दुभाषी, दोघांनी बगलेत हात घालून त्यांना उभं केलं, तेव्हा आईसुद्धा हसली.

सुईणबाई दाराशी उभी राहून पाहत होती. या पोराला तिने पहिल्यांदा हातात घेतलं होतं आणि इतर पोरांसारखंच पुसून आईच्या कुशीत दिलं होतं. आता तिचेही हात आपोआप जुळले. आणि त्याच वेळी तिला कळलं, की झालं. शोध संपला. सकाळी ही माणसं जाणार.

*

उजाडताच दार वाजलं. तो प्रवासाच्या कपड्यांत होता.

“थोरल्यांना स्वप्न पडलं. राजाकडे परत जायचं नाही. दुसऱ्या वाटेने निघतोय, आत्ताच. सुतारही बायको-पोराला घेऊन पहाटेच गेलाय.” त्याने श्वास घेतला. “तुम्हीही चला.”

“मी?”

“राजाची माणसं येतील. बाळ कुठंय म्हणून कुणाला विचारतील? तुम्हालाच.”

“आणि मी नसले तर?” ती म्हणाली. “बाळ हातात नाही म्हटल्यावर तो माणूस काय करेल, तुम्हीच ऐकलाय ना त्याचा आवाज? एकवीस घरं आहेत अजून. बावीस बाळं. त्यांच्या आयांना कोण सांगणार?” तिने शाल उचलली. “प्रत्येकीला सांगते, पोराला उचल आणि आजच्या आज माहेरी जा. माझं ऐकतील.”

“सुईणबाई...”

“तुम्ही जा. तुमच्याशिवाय त्यांना वाटेत पाणीसुद्धा मागता येणार नाही.”

तिने मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर पाय निघाला नसता.

धोबीण रडली, पण निघाली. कुंभाराची सून ओली बाळंतीण, तिला सासऱ्याने गाढवावर बसवलं. सासू अडून बसली तिथे सुईणबाईंनी पाय धरले. सात घरं झाली, आठ झाली, नऊ झाली. पायांचे तुकडे पडत होते. भट्टीवालीच्या दाराशी ती भिंत धरूनच पोचली, आणि पाहते तर भट्टीवाली कडेवर पोर घेऊन बोचकं बांधत होती.

“तुला कुणी सांगितलं?”

“तुमच्या त्या दाढीवाल्याने. गल्लीच्या त्या टोकापासून घरोघर फिरतोय. राजवाड्यात मीच बोललो, चूक माझी आहे, म्हणतो. परका पुरुष दारात उभा राहून रडायला लागला हो! म्हटलं, बाई, आता निघावंच.”

गल्लीच्या मधोमध ते एकमेकांना भेटले. त्याच्या अंगावर चिखल, आवाज पार बसलेला.

“आणि तिघं आजोबा?”

“निघाले पुढे. पाणी, पाव आणि आभार, तीन शब्द पाच भाषांत पाठ करून घेतले त्यांच्याकडून. थोरले म्हणाले, तू नाही आलास तरच मला बरं वाटेल.” तो थांबला. “तुम्हाला सांगितलं नव्हतं ना, त्या दिवशी ते काय म्हणाले ते? म्हणाले, गाढवा, आम्हाला आभाळातलं दिसतं, आणि तुला समोर बसलेली मुलगी दिसत नाही? मला दिसत होती. पहिल्या दिवसापासून. पण आयुष्यभर दुसऱ्यांचंच बोलत आलो... स्वतःचं बोलायला शब्दच सापडेनात.”

“आता सापडले की,” ती पुटपुटली.

उरलेली चार घरं त्यांनी बरोबर केली. दुपार कलली तेव्हा गावातल्या दोऱ्यांवर एकही दुपटं उरलं नव्हतं. शेवटच्या दाराला कडी लागली, आणि सुईणबाई त्याच पायरीवर मटकन बसली.

“सगळ्या गेल्या माहेरी,” ती म्हणाली.

“आणि तुम्ही कुठे जाणार?”

सकाळपासून तिने तेरा आयांना हेच सांगितलं होतं, आणि एकीनेही तिला हे विचारलं नव्हतं. आई जाऊन सहा वर्षं झाली होती. तिला माहेर नव्हतं. तिने मान फिरवली.

तो तिच्यासमोर उकिडवा बसला. घोगऱ्या आवाजात, एकेक शब्द शोधत म्हणाला,

“माझी आई आहे. फार लांब राहते, अकरा महिने चालावं लागतं. तिला मुलगी नाही. आधी तिची लेक म्हणून चला. माझं... माझं काय ते तिथे पोचल्यावर ठरवा.”

तिने डोळे पुसले आणि त्याच्याकडे पाहिलं.

“अकरा महिने?” ती म्हणाली. “इतका वेळ नाही लागायचा मला ठरवायला.” आणि उठण्यासाठी तिने त्याच्यापुढे हात केला.