तळ्यापलीकडची चूल

अंधार पडायच्या आत तळ्यापलीकडची शिकाऱ्यांची झोपडी जाळायची, एवढंच काम लेम्पी आणि तेप्पानाकाकांकडे होतं. सरहद्द कुठून जावी यावरची बोलणी फिसकटली होती आणि रशियन फौज फिनलंडात शिरली होती. तिची पुढची तुकडी त्या झोपडीत शेकून ताजीतवानी झाली, तर स्टेशनकडे पळणाऱ्या गावकऱ्यांच्या घसरगाड्यांना पहाटे वाटेतच गाठणार. त्या गाड्यांत लेम्पीच्या दोन्ही मुली होत्या.

"तळ्यावरचं बर्फ कोवळं आहे. स्कीचे पट्टे सैल ठेव, पडलीस तर पाय सुटतील," तेप्पानाकाका म्हणाले.

"सैल ठेवून रखडत बसू? पोरी वाटेवर आहेत, काका!" लेम्पीने पट्टे करकचून आवळले.

तळ्याच्या मध्यावर... कड्! बर्फ फाटलं. लेम्पी गळ्यापर्यंत पाण्यात! सुटेना एकही पाय. स्कीच्या लांब फळ्या बर्फाखाली अडकल्या.

काका पोटावर आडवे झाले. काठी पुढे सरकवली. "धर! सुरी काढ! पट्टे काप!"

एक कापला. दुसरा कापला. काकांनी तिला ओढून काढलं आणि दरडावत, ढकलत झोपडीपर्यंत पळवलं.

आत चूल भरलेली होती. खाली बर्च झाडाची साल, वर कोरडी लाकडं, शेजारी काडेपेटी. जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी चूल रचून ठेवायची, ही त्या रानाची रीतच. एका काडीत जाळ धरला.

"साल बघ कशी पिळलीय," काका म्हणाले. "हे फेदोतचं काम. सरहद्दीपलीकडचा."

"रशियन?"

"हो. पहारेकऱ्यांना चकवून येतो मेला. माझ्या फासातले ससेही पळवतो! पण चूल कधी रिकामी ठेवली नाही त्याने."

लेम्पी कुडकुडत हसली आणि मग तिला रडूच फुटलं. "त्याच्यामुळे आज माझ्या पोरींना आई आहे, काका."

कपडे वाळले, तशा दूरवर तोफा धडधडल्या. काकांनी सोबत आणलेला रॉकेलचा डबा उचलला.

"थांबा." लेम्पीने उरलेलं सरपण बाहेर नेऊन झाडाखाली रचलं. वर साल ठेवली.

"फौजेला ऊब देतेस?"

"एवढ्याशाने फौज शेकत नाही. एखादा कुडकुडणारा जगेल."

काका पुटपुटले. मग पेटल्यावर जाळावर कोसळू नये म्हणून त्यांनी वरच्या फांद्यांवरचं बर्फ बाजूला झटकून टाकलं.

काडेपेटीतली एकच काडी लेम्पीने झोपडीसाठी घेतली. पेटी तिने सालीवर ठेवली.

परतताना दोघांनी तळ्याचा काठ धरला. सकाळी स्टेशनवर, एकही गाडी मागे राहिली नव्हती. धाकटीने आईचे हात गालांना लावले.

"आई, किती गरम गं! कुणी शेकून दिले?"

"फेदोतकाकांनी," लेम्पी म्हणाली.